पॅसेजमधला दिवा

गेल्या रमजानमध्ये तहज्जुदला उठलेली अम्मी अंधारात पडली. हाड मोडलं नाही, मनगट सुजलं. पण आम्हा तिघा भावंडांची झोप उडाली. आमच्या पूर्ण्याच्या घरात पॅसेजचं बटण पार पलीकडे, दाराशी आहे. म्हणजे उजेड करायचा तर आधी अंधार ओलांडायचा. ती 30 वर्षं ओलांडत होती, आणि आमच्या ते कधी ध्यानातच आलं नाही!

वायरिंग अब्बांनी उभं राहून करून घेतलेलं. त्यांचं आयुष्य भिवंडीच्या मागावर गेलं. भारनियमनात माग थांबले की ते घरी येऊन कंदिलाची काच पुसत बसायचे. 26 जानेवारी 2007 ला शहराचं वीजवितरण टोरंट पॉवरकडे गेलं, त्यावर आमच्या ओट्यावर किती वाद झडले! आज अंजूरफाटा ते काशेळी गोदामंच गोदामं, रात्रभर लखलखाट. अंधार उरला होता तो आमच्या पॅसेजमध्ये.

दुबईचा भाऊ म्हणाला, "स्मार्ट स्विच बसवा. मी इथून दिवा लावीन."

अम्मी म्हणाली, "माझ्या घरातला दिवा तू दुबईतून लावणार? मग मी उठले की नाही, तेही तिथून बघशील!"

ती हसत होती, पण आम्ही गप्प झालो. काचेचे स्पर्शाचे स्विच तिथेच बाद. अंधुक नजरेच्या माणसाला बोटाखाली उंचवटा लागतो. शेवटी जुन्या बटणामागे बसणारं मॉड्यूल घ्यायचं ठरलं. इंटरनेट गेलं तरी बटण चालतं.

वायरमनने बोर्ड उघडला आणि मान हलवली. ज्या बोर्डावर प्लग असतो तिथे न्यूट्रल असतेच. पॅसेजच्या बोर्डात नुसती फेज आणि दिव्याकडे जाणारी तार. न्यूट्रलशिवाय चालणारं मॉड्यूल लावून पाहिलं, तर बंद केलेला एलईडी रात्रभर मिणमिणत राहिला. मॉड्यूल दिव्यातूनच थोडा प्रवाह ओढतं, म्हणून. मग हॉलच्या बोर्डातून न्यूट्रल ओढून आणली. राऊटर फक्त पाच गिगाहर्ट्‌झवर ठेवलेला, मॉड्यूलला लागतो 2.4, त्यात एक संध्याकाळ गेली.

पॅसेजमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर जोडला. आम्ही उत्साहाने तसाच एक तिच्या खोलीतही लावला. दुसऱ्याच पहाटे हाक आली. ती नमाजनंतर तसबीह घेऊन निश्चल बसली, आणि दिवा विझला. सेन्सरला बसलेलं माणूस दिसत नाही, हे आम्हाला कळायला हवं होतं. तो त्याच दिवशी काढला.

पॅसेजचा मात्र राहिला. अम्मी दाराबाहेर पाऊल टाकते, दिवा लागतो. ती पलीकडे पोहोचते आणि 30 वर्षांच्या सवयीने बटण दाबते. दिवा विझतो. मग स्वतःशीच पुटपुटत पुन्हा दाबते.