टारफुला

दसरा जवळ आला की मला निपाणीजवळचं आमचं जोंधळ्याचं रान आठवतं, आणि त्या रानात उकिडवा बसलेला माझा इथिओपियाचा मित्र आठवतो. नाव मुद्दाम सांगत नाही. त्याला न विचारता छापणं बरं नव्हे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी धारवाडला शिकत होतो आणि तो शेजारच्या खोलीत राहायचा. सुट्टी लागली, सगळी मुलं गावी निघाली, तो एकटाच मागे उरला. म्हणून मी म्हटलं, "चल आमच्या घरी." म्हटलं खरं, पण बसमध्ये बसल्यावर धाकधूक सुरू झाली. गावातले लोक टक लावून बघतील, पोरं मागं लागतील, घरातली मोठी माणसं काय म्हणतील? त्याच्यापेक्षा मला माझीच काळजी जास्त होती.

दारात आजीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मला विचारलं, "कुठल्या गावचं पावणं रं?"

मी घाईघाईनं म्हणालो, "लांबचा आहे. परदेशातला."

'आफ्रिका' हा शब्द मी गिळला. त्याला मराठी येत नव्हतं, पण माझा चेहरा वाचता येत होता. छातीवर हात ठेवून तो शांतपणे म्हणाला, "इथिओपिया." आजीला ते नाव माहीत असण्याचं कारण नव्हतं. ती म्हणाली, "आसंल. भाकरी खातोस न्हवं बाबा?" मग त्याला कळेना म्हणून तेच कन्नडात विचारलं. संकेश्वरच्या बाजारात मिरची विकून आजीचं कन्नड पक्कं झालं होतं. त्यालाही धारवाडात राहून चार शब्द येत होते. "बेकु, बेकु!" तो हसून म्हणाला. मी मध्ये नुसताच उभा.

जेवताना त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, वास घेतला आणि म्हणाला, "हे तर आमचंच धान्य." त्यांच्याकडे आंबवलेल्या पिठाचा इंजेरा करतात. बहुतेक वेळा टेफ नावाच्या बारीक धान्याचा, पण जोंधळ्याचासुद्धा. मला वाटलं, पाहुणा गोड बोलतोय. पुढे वाचल्यावर कळलं की तो अक्षरशः खरं बोलत होता. जोंधळा मूळचा आफ्रिकेचा. पूर्व सुदानात सापडलेल्या सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या खापरांवर त्याच्या तुसांचे ठसे आहेत. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली, चवळीही आफ्रिकेचीच. हजारो वर्षांपूर्वी ही पिकं आपल्याकडे आली आणि आपण त्यांना घरचं मानलं. माणूस आला की मात्र आपण त्याचं गाव लपवतो.

दुसऱ्या दिवशी त्याला रान दाखवायला नेलं. जोंधळ्याच्या बुडाशी पांढऱ्या फुलांचं वीतभर तण उगवलं होतं. तो एकदम खाली बसला. "हे तुमच्याकडेही आहे? आमच्याकडे याची फुलं जांभळी असतात. माझ्या वडिलांचं अर्धं शेत यानं खाल्लं."

तो होता टारफुला. त्याची आमच्याकडची आणि त्यांच्याकडची जात वेगळी, पण खोड एकच. हे तण पिकाच्या मुळाला चिकटतं आणि तिथूनच अन्नपाणी ओढतं. जमिनीवर दिसेपर्यंत निम्मं नुकसान झालेलं असतं. एका झाडाला हजारो बारीक बिया येतात आणि त्या कित्येक वर्षं मातीत पडून राहतात. जोंधळ्याच्या मुळातून पाझरणाऱ्या रसायनाची चाहूल लागली की मगच रुजतात.

आजी म्हणाली, "फूल यायच्या आधी उपटायचं, आन् रान पालटायचं. फुडल्या साली भुईमूग." मी भाषांतर केलं. मित्र उडालाच. भुईमुगाच्या किंवा चवळीच्या मुळाजवळही हे बी फसून रुजतं, पण त्याला चिकटता येत नाही आणि ते मरून जातं, हे तो वर्गात शिकला होता. आजीला रसायन ठाऊक नव्हतं, पण उपाय ठाऊक होता.

2009 साली जागतिक अन्न पुरस्कार डॉ. गेबिसा एजेटा यांना मिळाला, तेव्हा मित्राचा ई-मेल आला: "आमचा माणूस!" एजेटा इथिओपियातल्या एका खेड्यात, गवताच्या छपराच्या एका खोलीत वाढले. शाळेसाठी दर आठवड्याला 20 किलोमीटर चालत जायचे. अलेमाया कृषी महाविद्यालयातून, म्हणजे आजच्या हरामाया विद्यापीठातून, ते पदवीधर झाले. अमेरिकेत डॉक्टरेट केल्यावर ते सुदानमध्ये काम करू लागले, तेही हैदराबादजवळ पाटणचेरूला मुख्यालय असलेल्या 'इक्रिसॅट' संस्थेसाठी. दुष्काळात तग धरणारा संकरित जोंधळा त्यांनी तयार केला आणि पुढे सहकाऱ्यांबरोबर टारफुल्याला दाद न देणारे वाणही.

केनियात नैरोबीच्या कीटकविज्ञान संस्थेत मूळचे भारतीय शास्त्रज्ञ झेयाउर खान यांनी वेगळी वाट शोधली. मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम ही शेंगवर्गीय वनस्पती लावायची, तिच्या मुळांमुळे टारफुला दबतो. कडेनं नेपियर गवत लावायचं, खोडकिडीचे पतंग तिकडे ओढले जातात. दोन्हींचा जनावरांना चारा होतो. हे नेपियरसुद्धा आफ्रिकेचंच. निपाणी-चिकोडीकडे दुभत्या म्हशींपुढे जे संकरित नेपियर पडतं, त्यात त्याचंच रक्त आहे.

आपल्या मंडळातली मुलं आता बाहेर शिकायला निघतात. त्यांच्या वर्गात, वसतिगृहात कुणी नायजेरियाचा, केनियाचा, इथिओपियाचा असेलच. मुलांनो, त्याला घरी जेवायला बोलवा. आणि कुणी विचारलं, तर त्याच्या देशाचं नाव स्पष्ट सांगा. मला ते जमलं नव्हतं, म्हणून सांगतोय.

आजी शेवटपर्यंत माझ्या प्रत्येक फेरीत विचारायची, "त्या पोराच्या रानातला टारफुला गेला का रं?" मी दर वेळी "विचारतो" म्हणायचो आणि विसरायचो. 2009 चा तो ई-मेल आला तेव्हा आजी नव्हती. असती तर सांगितलं असतं, "सगळा गेला नाही गं अजून. पण त्यांच्याच माणसानं वाट काढलीय."