६१७४

परवा, शुक्रवारी, कॅन्टीनमध्ये एका टीममेटच्या अप्रेझलचा आम्ही तासभर कीस पाडला. सगळ्यात जास्त मीच बोललो. उठलो, वळलो, तर तो मागच्याच टेबलावर! एक अक्षर न बोलता डबा उचलून निघून गेला.

संध्याकाळी लोकलमध्ये मान खाली घालून बसलो होतो. डोंबिवली आलं आणि द. रा. कापरेकर आठवले. देवळालीच्या शाळेतले गणिताचे मास्तर. या स्टेशनवर त्यांना एक कल्पना सुचली आणि त्या संख्यांना त्यांनी स्टेशनच्या तेव्हाच्या नावावरून 'डेम्लो' म्हटलं. गाडीची वाट बघताना आपण काय करतो? असो.

त्यांचाच ६१७४ चा खेळ करून बघितला. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची. उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतली: ३०८७, ८३५२, ६१७४. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत गाडी इथेच येऊन थांबते. का बरं? विचार करता करता बदलापूर आलंसुद्धा. तेवढा वेळ डोक्यात कुणाचंच अप्रेझल नव्हतं.

उद्या त्याला सॉरी म्हणायचंय. मग चहाला नेईन. बोलायला ६१७४ आहेच.