सासूबाईंचं मत

मैत्रिणींनो, तुमच्या घरी मत कुणाला द्यायचं हे कोण ठरवतं? (माझं मी ह्यांनासुद्धा सांगत नाही!) आमच्या वडवणीच्या घरात सासूबाईंचं मात्र ठरलेलं. १९७७ साली पहिलं मत गाय-वासराला दिलं. पुढे ते चिन्ह जाऊन पंजा आला, पण त्या हलल्या नाहीत.

मी बी.ए., शाळेत अर्धवेळ नागरिकशास्त्र शिकवते. एकदा तोऱ्यात म्हटलं, "आई, चिन्ह नाही, उमेदवार पाहावा." भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली मी. कामावर सुकडी मिळायची, ती पदराला बांधून आणायची. त्यावर जगली ही तुझी वन्सं."

ती सुकडी सरकारची, पक्षाची नव्हे, असं अगदी ओठावर आलं होतं. पण वन्सं समोरच जेवायला बसल्या होत्या.

१३ मे २०२४ ला बीड लोकसभेचं मतदान होतं. आघाडीत जागा तुतारीवाल्यांकडे गेलेली, यंत्रावर पंजा नव्हताच. रांगेत सासूबाईंनी माझा दंड धरला, "मग आता गं?"

मला उत्तर सुचेना. त्या आत गेल्या, बऱ्याच वेळानं बोटाची शाई बघत बाहेर आल्या. मी काही विचारलं नाही. घरी येऊन चहा टाकला.