अंगणातला साउना

पुणे, ८ डिसेंबर

चि. ईशा हिस,


फिनलंडमधल्या तुझ्या घरमालकीणबाईंनी अंगणातला साउना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, दाखवताना तुला एकच गोष्ट दोनदा बजावली: सगळ्यांची अंघोळ उरकली की चुलीत आणखी दोन ओंडके टाकायचे. रिकाम्या खोलीसाठी लाकूड का जाळायचं, हा तुझा प्रश्न मला फार आवडला.

तिथल्या खेड्यांत नवी वस्ती करताना माणसं पुष्कळदा आधी साउना बांधत आणि मागाहून घर. तोवर बिऱ्हाड तिथेच. गेल्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत खेड्यातल्या कितीतरी बायका साउनातच बाळंत झाल्या. ऊब होती, गरम पाणी हाताशी होतं आणि साऱ्या वाडीत त्याहून स्वच्छ जागा नव्हती. गेलेल्या माणसाला शेवटची अंघोळही तिथेच घालत. साउनात चर्चमध्ये असल्यासारखं वागावं, ही तिथली जुनी शिकवण आहे. २०२० मध्ये युनेस्कोने साउनाची ही परंपरा आपल्या वारशाच्या यादीत घेतली, पण मला त्या बाळंतपणांची गोष्ट अधिक मोलाची वाटते. जिथे मूल जन्माला यायचं ती जागा ओली, कुबट ठेवून कसं चालेल?

अंघोळीनंतर बाकं, भिंती, जमीन, सगळं भिजलेलं असतं. बाहेर उणे २५. विस्तव विझला की तेच पाणी फळ्यांच्या सांध्यांत गोठतं, पुढे वितळतं आणि लाकूड कुजायला लागतं. म्हणून शेवटचा जाळ, दार किलकिलं, झरोका उघडा. मात्र निखारे पुरते विझेपर्यंत धुरांड्याची झडप लावू नकोस. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, ईशा. हे मीही तुला दोनदा बजावते.

बादल्या रिकाम्या करून पालथ्या घाल, नाहीतर पाण्याचा बर्फ होऊन लाकडी बादली उकलते. राख पूर्ण थंड झाल्यावर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढ. आत जाण्याआधीच दारापुढचा बर्फ उपसून टाक. दार बाहेर उघडतं, आणि ते कधीही अडता कामा नये.

चुलीवरच्या दगडांकडे लोक दुर्लक्ष करतात. तापून आणि पाणी पिऊन ते ठिसूळ होतात, भुगा खाली साचतो, हवा खेळत नाही आणि मग चुलीचं लोखंड लवकर जळतं. वर्षातून एकदा सगळे बाहेर काढ, फुटके टाकून दे, मोठे खाली नि लहान वर रच. नदीकाठचे गोटे कितीही सुंदर दिसले तरी आणू नकोस, ते तडकून उडतात. धुरांडं साफ करणाऱ्यालाही दरवर्षी बोलावत जा.

ताम्पेरेला गेलीस तर पिस्पालातल्या रायापोर्त्तीला नक्की जा. १९०६ पासून चालू असलेला तो सार्वजनिक साउना आहे. बायकांच्या बाजूला म्हाताऱ्या आजींशेजारी बस. एका वेळी किती पाणी दगडांवर घालायचं, हे त्यांच्याकडून शिकावं.

तुझी,
आत्या