भाजे लेणी ते देहूरोड : वैशाख पौर्णिमेचा एक दिवस

वैशाख पौर्णिमा हा आम्हा बौद्धांचा सर्वांत मोठा मंगल दिन. या दिवसाचा आम्हा उभयतांचा एक नेम आहे. सकाळी ताथवड्याच्या वस्तीत बुद्धवंदना घ्यायची, भाकरी-पिठलं फडक्यात बांधायचे आणि आकुर्डी स्टेशनवर लोकल धरायची. दुपारपर्यंत भाजे लेणी आणि परतीच्या वाटेवर देहूरोडचे बुद्धविहार. खर्च थोडा, पण शिदोरी वर्षभर पुरते.

आमचे ताथवडे २००९ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. जिथे ज्वारी डुलत होती तिथे आता उंच इमारती उभ्या आहेत. लोकल तळेगाव, वडगाव, कामशेत मागे टाकून मळवलीला येते, तेव्हा कुठे डोळ्यांना डोंगर दिसतो.

गेल्या पौर्णिमेला मळवलीला उतरलो तेव्हाच ऊन चटका देत होते. द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून भाजे गाव गाठले आणि पायऱ्या चढू लागलो. घामाने सदरा भिजला, पण चैत्यगृहाच्या सावलीत पाऊल टाकताच सारा शीण गेला.

वाचकहो, हे चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. दोन्ही अंगांना किंचित आत झुकलेले अष्टकोनी खांब, मध्ये साधा, कोरीव नक्षी नसलेला स्तूप. बुद्धमूर्ती नाही, कारण त्या काळी तथागतांची मूर्ती घडवण्याची रीत सुरू झाली नव्हती. दर्शनी बाजूचे लाकूडकाम काळाने खाल्ले, पण छताच्या लाकडी कमानी अजून वर दिसतात. बाजूला थेरांच्या स्मरणार्थ उभारलेले चौदा स्तूप आहेत. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहावे, हा वर्षावासाचा नियम. सह्याद्रीच्या पावसात निवारा हवा म्हणून लोकांनी ही लेणी कोरवून दिली.

लोक म्हणजे केवळ सावकार आणि सरदार नव्हेत. येथील पाण्याच्या एका टाक्यावर महारठी कोसिकीपुत विन्हुदत याचे नाव आहे. पण एका विहारात बाधा नावाच्या स्त्रीच्या दानाचाही लेख आहे आणि ती होती हालिकाची, म्हणजे नांगर धरणाऱ्याची बायको. हे आम्ही आमच्या सहचारिणीला सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "राजांची नावं शाळेत पाठ केली. ही बाई मात्र आपल्यातली निघाली."

भाकरी खाऊन दुपारच्या लोकलने देहूरोडला उतरलो. तेव्हा पश्चिमेला ढगांचे काळे डोंगर चढत होते.

देहूरोडचे महत्त्व आपल्या पोराबाळांना पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे. लष्करी छावणीची आणि डेपोची ही जागा. इथे राबणाऱ्या आपल्या कामगार बांधवांनी पै-पैसा जमवून विहार उभारले. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. तिथून आलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी स्वहस्ते या विहारात केली. नागपूरची धम्मदीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. म्हणजे दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी कामगारांच्या या वस्तीत बुद्ध आला होता.

वंदना करून बाहेर आलो तो रस्त्याच्या कडेला एक जुना टेम्पो उभा. पुढ्यात बाज टाकून पुस्तके मांडलेली, बाजूला पंचशील ध्वज, मूर्ती, फोटो. साठीच्या घरातले एक जोडपे विक्रीला बसले होते. मूळचे हिंगोलीकडचे. टेम्पोत मागे स्टोव्ह, दोन गोधड्या, पाण्याचा कॅन. वर्षातले सहा-सात महिने हेच त्यांचे घर. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, २५ डिसेंबरला देहूरोड, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, ३ जानेवारीला नायगाव, पुढे भीमजयंती, बुद्धपौर्णिमा आणि विजयादशमीला दीक्षाभूमी. जिथे समाज जमतो तिथे यांचा मुक्काम.

"घर नाही का गावाकडं?" आमच्या सहचारिणीने विचारले.

"हाय की ताई. पण तिथं दोघांनी एकमेकांची तोंडं बघत बसायचं. इथं रोज पोरं येतात, पुस्तकं चाळतात. जीव रमतो," मावशी म्हणाल्या.

एवढ्यात वारा सुटला. चैत्र-वैशाखात जमीन तापते, समुद्राकडून दमट वारा येतो आणि दुपार कलली की वळीव कोसळतो, हे आम्ही शाळेत शिकलो होतो. पण धुळीचा लोट अंगावर आला तेव्हा शिकलेले आठवले नाही. ध्वज उडाले. ताडपत्री एका बाजूने सुटून फडाफडा वाजू लागली. पाठोपाठ टपोरे थेंब आणि हरभऱ्याएवढ्या गारा. मावशी पुस्तकांवर अक्षरशः आडव्या पडल्या.

मग कोणी कोणाला हाक मारली ठाऊक नाही. खीर वाटणारी तरुण मुले धावली. रिक्षावाले धावले. एका भगिनीने कडेवरचे मूल दुसरीकडे दिले आणि ताडपत्रीचा कोपरा धरला. दहा-बारा जण चारी बाजूंनी ती डोक्यावर धरून उभे राहिलो, बाकीचे पुस्तके टेम्पोत भरू लागले. गारा हातांवर ताडताड बसत होत्या.

उभ्या उभ्या आम्हाला मुचलिंदाची कथा आठवली. संबोधीनंतर अकाली पाऊस सात दिवस कोसळला, तेव्हा मुचलिंद नागाने तथागतांवर फणा धरला, असे बौद्ध साहित्य सांगते. नाग म्हणजे सर्प नव्हे, माणसेच. नाग लोकांनी धम्माचा प्रसार केला, असे बाबासाहेबांनी नागपूरला १९५६ साली सांगितले. त्या ताडपत्रीखाली ते पटले.

अर्ध्या तासात पाऊस थांबला. मातीचा वास सुटला. पण चाळीस-एक पुस्तके भिजली होती. माल उसनवारीवर आणलेला. काका काही न बोलता एकेक पान सोडवत होते. कोणी म्हणाले, वर्गणी काढू. तसे काकांनी मान वर केली.

"दान नको, दादा. हात धड हायेत आमचे."

"मग भिजलेली विकत द्या," आम्ही म्हणालो.

"अर्ध्या किमतीत न्या. फुगलेल्या पुस्तकाचे पुरे पैसे घेणं म्हंजी चोरीच."

मुले पुरे पैसे देऊ लागली, काका घेईनात. शेवटी आमच्या सहचारिणीने तोड काढली. "काका, शब्द भिजलेत का? एकही अक्षर पुसलेलं असेल तर अर्धे पैसे घ्या. नसेल तर पुरे."

काकांनी एक पुस्तक उघडले, दुसरे उघडले. मावशी हसल्या. "घ्या आता. ताई बरोबर बोलली."

सारी पुस्तके खपली. सात आमच्या वाट्याला आली. घरी दोरीवर वाळत घातली, इस्त्रीखाली दाबली आणि वस्तीतील अभ्यासिकेत ठेवली. पाने अजून लाटांसारखी वळलेली आहेत, पण मुले तीच आधी उचलतात.

बांधवांनो, भगिनींनो, भाज्याला अवश्य जा, देहूरोडला जा. जाताना मुलांना न्या. आणि रस्त्याच्या कडेला असा टेम्पो दिसला तर एक तरी पुस्तक विकत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाधाने लेण्याला हातभार लावला. आपल्या हाती निदान एवढे तरी आहे.

जयभीम.