लाइन क्लिअर

बेलापूरचं रेल्वे स्टेशन बेलापुरात नाही. ते श्रीरामपुरात आहे. पाटीवर नाव तेवढं आमचं. दौंड-मनमाड मार्ग 1878 सालचा, तेव्हा श्रीरामपूर शहर नव्हतंच. ते पुढे स्टेशनाभोवती आणि उसाच्या पैशावर वाढत गेलं, आणि स्टेशनाला नाव देणारं गाव प्रवरेच्या काठी जिथल्या तिथे राहिलं. मार्ग एकेरी होता. समोरून गाडी येणार असली की आपली गाडी क्रॉसिंगला थांबायची, आणि पलीकडच्या मास्तरांकडून लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय हलायची नाही. डब्यातली माणसं चिडायची, खाली उतरून पाय मोकळे करायची, रेल्वेला नावं ठेवायची.

विमानांची वाहतूक जमिनीवरून कशी सांभाळतात, हे काकांनी मला या एकेरी मार्गावरून समजावलं. दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी. वर आकाशात त्या तुकड्याला उंचीही असते, एवढाच फरक. "आणि वरची गाडी उभी करता येत नाही," काका म्हणायचे. "ती घिरट्या घालते, आणि घिरट्या घालताना तेल पिते."

काका हवाई दलात होते. अधिकारी नव्हे, एअरमन. नोकरीची बरीच वर्षं पुण्याजवळ लोहगावच्या टॉवरमध्ये गेली. रेडिओवर बोलणारा नियंत्रक अधिकारी; काका त्याच्या शेजारी. फोन घ्यायचे, वेळा नोंदवायच्या, प्रत्येक विमानाची कागदी पट्टी लिहून चौकटीत सरकवायची, वाऱ्याची दिशा बघत राहायची. रेडिओ बंद पडलेलं विमान आलंच तर दिव्याचा झोत त्याच्यावर धरायचा: स्थिर हिरवा म्हणजे उतर, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि फिरत राहा. इतक्या साध्या खुणेवर एवढं मोठं यंत्र चालतं, याचं त्यांना निवृत्तीनंतरही नवल वाटायचं.

लोहगावचा तळ 1939 सालचा, मुंबईच्या हवाई रक्षणासाठी बांधलेला. सुखोई-30 एमकेआय हवाई दलात रीतसर दाखल झालं तेही इथेच, 27 सप्टेंबर 2002 रोजी. आणि याच धावपट्टीवर दिल्लीहून लग्नाला येणारी, बेंगळुरूहून नोकरीवरून परतणारी माणसं उतरतात. पुण्याचं नागरी विमानतळ म्हणजे हवाई दलाच्या वाड्यातली एक खोली. खिडकीशी बसून मोबाइल चालू करायची घाई झालेल्या प्रवाशाला हे माहीत नसतं, की त्याच्या वैमानिकाला उतरायची परवानगी देणारा माणूस गणवेशात आहे. 2021च्या ऑक्टोबरमध्ये हवाई दलाने धावपट्टीच्या कामासाठी 16 ते 29 तारखेपर्यंत विमानतळ बंद ठेवलं, तेव्हा कुठे पुष्कळांना घरमालक कोण ते कळलं. गोव्यात दाबोळीला हेच काम नौदलाचं. आयएनएस हंसा हा त्यांचा तळ, आणि सकाळचे काही तास त्यांच्या सरावाचे म्हणून प्रवासी विमानांनी थांबायचं.

म्हणून फौजेतला अनुभव पुढे सिव्हिलमध्ये कामी येतो का, हा प्रश्न आपल्याकडे थोडा उलटा पडलेला आहे. लोहगावचा फौजी नियंत्रक रोज सिव्हिलचंच काम करत असतो. एकीकडे सरावाहून परतणारं लढाऊ विमान, त्याच्या टाकीत शिल्लक थोडी, वेग अफाट. दुसरीकडे पावणेदोनशे माणसं घेऊन सरळ रेषेत उतरत आलेलं एअरबस. धावपट्टी एक. कुणाला आधी घ्यायचं हे ठरवायला कचेरीतली फाइल फिरते तेवढा वेळ नसतो.

फौजेने माणूस आज्ञाधारक होतो आणि असा माणूस कुठेही चालतो, असं गावात सरसकट मानतात. मला ते पटत नाही. टॉवरला आज्ञाधारक माणसाचा फारसा उपयोग नाही. काका सांगायचे, की त्यांच्या शेजारी बसलेला नुकता लागलेला फ्लाइंग ऑफिसर, मिसरूड जेमतेम फुटलेलं, वर उडणाऱ्या ग्रुप कॅप्टनला "उतरू नका, पुन्हा फिरून या" म्हणायचा, आणि ग्रुप कॅप्टन तेच वाक्य त्याला परत म्हणून दाखवून वर निघून जायचा. खाली, मेसमध्ये, हाच पोरगा त्यांना पाहून उठून उभा राहणार. रेडिओवर ना हुद्दा ना आडनाव, नुसती कॉल साइन. सलामांवर चाललेल्या त्या जगात ही एक काचेची खोली अशी, की तिथे वडीलधाऱ्याला तोंडावर नाही म्हणणं हेच कर्तव्य. आपल्या घरांतून आलेल्या मुलांना हे कुठे शिकायला मिळतं?

वेढलेल्या बर्लिनला विमानांनी रसद पुरवण्याची मोहीम ही याच धंद्यातली एक मोठी शाळा होती. 13 ऑगस्ट 1948, शुक्रवार. पावसाने आणि खाली आलेल्या ढगांनी तिथल्या टेम्पलहॉफ विमानतळाचं काही दिसेना. शहरावर विमानांची उतरंड रचली गेली, खालची उतरेनात आणि मागून नवी येतच राहिली. त्याच उतरंडीत या साऱ्या मोहिमेचा प्रमुख, जनरल टनर, स्वतः अडकलेला. त्याने रेडिओवरून आपलं सोडून बाकी सगळी विमानं माघारी पाठवली, आणि त्यानंतर नियमच झाला: पहिल्या खेपेला उतरता आलं नाही तर दुसरा प्रयत्न नाही, कोळसा किंवा पीठ जे असेल त्यासकट घरी परत. मला यातलं फौजीपण फार आवडतं. वीरश्रीचा लवलेश नाही. रांग मोडायची नाही, बस्स.

सिव्हिलमध्ये मात्र काही सवयी सोडाव्याही लागतात. तळावर वैमानिक आणि नियंत्रक एकाच आवारात राहतात, एकमेकांचे आवाज ओळखतात. कोण घाबरला की जलद बोलतो, कोण गप्प होतो, हे ठाऊक असतं. मुंबईच्या आकाशात तसं नाही. आवाज कझाकस्तानी असेल, कोरियन असेल, चार मिनिटं आपला आणि मग पुढच्या नियंत्रकाचा. ओळखीवर सोडता येत नाही. प्रत्येक आकडा परत म्हणवून घ्यावा लागतो आणि तो ऐकावाही लागतो. नुसतं म्हणवून घेणं सोपं आहे.

अमेरिकेत फौजेतून सिव्हिल टॉवरकडे जाणारी वाट मळलेली आहे. 1981च्या ऑगस्टमध्ये तिथल्या नियंत्रकांनी संप केला, अध्यक्ष रेगन यांनी अकरा हजारांवर माणसं कामावरून काढली, आणि विमानं चालू ठेवायला लष्करी नियंत्रक आणून बसवले. आजही नवख्याला तिथे वयाच्या 31च्या आत शिरावं लागतं, पण वर्षभर नियंत्रण केलेल्याला 35पर्यंत मुभा असते. आपल्याकडे भारतीय विमानतळ प्राधिकरण परीक्षा घेतं: इंजिनिअरिंगची पदवी किंवा फिजिक्स-गणितासह बी.एस्सी., कमाल वय 27, माजी सैनिकाला थोडी सवलत. 2022पूर्वी अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला एअरमन वीस वर्षांची पहिली मुदत संपवून बाहेर पडतो तो चाळिशीच्या उंबरठ्यावर. हिशेब जुळतच नाही. इतक्या वर्षांचे तयार कान देशाने असे सोडून द्यावेत, हे मला उधळपट्टीचं वाटतं.

काका बँकेत कारकून झाले. काउंटरवर कुणी खाते क्रमांक सांगितला की ते एकेक आकडा सुटा उच्चारून परत म्हणायचे, आणि समोरच्याने "बरोबर" म्हटल्याशिवाय हात हलायचा नाही. रांगेतली माणसं चिडायची. त्यांच्या खिडकीवर कधी रकमेचा घोळ झाला नाही, हे मात्र तीच माणसं सांगतात.

काकडीला शिर्डीचं विमानतळ 2017च्या ऑक्टोबरात सुरू झालं आणि आमच्या भागात या नोकरीचं नाव पोरांच्या तोंडी आलं. गल्लीतली एक मुलगी, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, प्राधिकरणाच्या परीक्षेला बसते आहे. निवड झाली तर प्रयागराज, हैदराबाद किंवा आपलं गोंदिया, यांपैकी कुठेतरी प्रशिक्षण. संध्याकाळी ती काकांकडे येते. ते तिला आकडे म्हणायला लावतात: तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ', नऊला 'नाइनर', म्हणजे खरखरीतही गफलत नको. ती हुशार आहे. आकडे दोन दिवसांत बसले. अडलं ते पुढे.

"समज, मी विमान घेऊन आलोय," काका म्हणाले. "धावपट्टीवर कुत्रं आहे. मी म्हणतो, मी उतरणारच. आता बोल."

"काका, तुम्ही जरा..."

"काका कोण? मी कॉल साइन आहे. ओव्हरशूट म्हण."

"ओव्हरशूट नाही," ती पटकन म्हणाली. "ते जुनं झालं. आता गो अराउंड म्हणतात."

"मग म्हण की!" काका खूश होऊन ओरडले. "माझी चूक काढताना कशी अडली नाहीस?"