भयानकाचा आराखडा

भव्य आणि भयानक ही सख्खी भावंडे असावीत, असा आपला एक सोयीस्कर समज असतो. वस्तुतः त्यांचे फारसे जमत नाही. महाकाव्याचा नायक वाढत जातो. भयकथेतला माणूस आक्रसत जातो. एकाचा स्थायिभाव उत्साह, दुसऱ्याचा भय. ही दोन्ही एका सूत्रात ओवायची, आणि तीही अशा कथेत की जिचा शेवट कथाकाराच्या हाती नाही, हा प्रश्न मला कोणा ग्रंथाने नव्हे, तर बंगळूरला राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या एका वहीने घातला.

तो आणि त्याचे चार मित्र दर शनिवारी रात्री टेबलाभोवती बसून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. ज्यांना हा प्रकार अपरिचित असेल त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. एक जण सूत्रधार, बाकीचे पात्रे. समोर पडका पूल आहे, पलीकडे दिवा हलतो आहे, असे सूत्रधार सांगतो. आपले पात्र काय करते ते खेळाडू बोलतो. ते साधले की फसले याचा निवाडा बहुधा वीस बाजूंचा फासा करतो. महिनोन्महिने चालणाऱ्या अशा कथेला ही मंडळी ‘कॅम्पेन’ म्हणतात. भाच्याने या खेपेस भयकथेच्या अंगाने जाणारी कॅम्पेन योजली होती, आणि “मावशी, तुझ्या रसशास्त्रात भीतीबद्दल काही उपयोगाचं आहे का?” असे विचारून वही माझ्याकडे धाडून दिली. उपयोगाचे! आमच्या शास्त्राला हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

या खेळाच्या घडणीतच अडचण आहे. पात्राला अनुभवाचे गुण मिळतात, गुणांनी त्याची पायरी चढते, पायरीगणिक ते बलवान होते. पहिल्या पायरीवर जे एका घावात मरू शकते, तेच दहाव्या पायरीवर राक्षसांच्या टोळीत निःशंक शिरते. अशाला भिववायचे कशाने? १९८१ साली सँडी पीटरसन यांनी लव्हक्राफ्टच्या कथांवर रचलेल्या ‘कॉल ऑफ कथुलू’ या खेळाने पायऱ्यांची वाटच सोडली. तेथे पात्राच्या मनःस्वास्थ्याचे गुण मोजतात, आणि अमानुषाचे दर्शन व ज्ञान जसजसे वाढते तसतसे ते घटत जातात. युक्ती अस्सल आहे. परंतु तिने भय राहते, भव्यता जाते.

ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याने १९८३ साली ‘रेव्हनलॉफ्ट’ लिहिताना निराळा मार्ग शोधला. त्यांचा स्ट्राड हा रक्तपिपासू सरदार भुयारात वाट पाहत बसलेला राक्षस नाही. धाकट्या भावाच्या वाग्दत्त वधूवर त्याचे मन जडले. लग्नाच्या दिवशी त्याने भावाला ठार केले आणि तिने गढीवरून उडी घेतली. तिच्याच रूपाची मुलगी आता खालच्या गावात आहे. प्रदेशाभोवती धुके, बाहेर पडायला वाट नाही. शिवाय स्ट्राडचा हेतू काय आणि त्याला मारणारी आयुधे कोठे, हे दर खेळाला पत्ते मांडून ठरते; लेखकाचे लिहिणे तेथे परिस्थिती रचण्यापुरतेच उरते. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’चे (१८९७) ऋण उघड असले, तरी ही अनिश्चितता त्या कादंबरीत असू शकत नव्हती.

मला स्वतःला या प्रश्नाचे याहून समर्थ उत्तर महाभारताच्या सौप्तिकपर्वात दिसते. युद्ध संपले आहे, विजय झाला आहे. वडाखाली जागा असलेला अश्वत्थामा पाहतो, की एक घुबड झोपलेल्या कावळ्यांना टिपून मारते आहे. त्यातून त्याला त्या रात्रीचे कृत्य सुचते. धृष्टद्युम्न, शिखंडी, द्रौपदीचे पाचही पुत्र मारले जातात. पांडव शिबिरात नाहीत. त्यांचे सामर्थ्य तिळभरही उणे झालेले नाही, ते फक्त तेथे पोहोचत नाही. नायकाला दुबळे न करता भय उभे करायचे, तर ते त्याच्या बळाच्या आवाक्याबाहेर उभे करावे लागते.

भाच्याच्या वहीत हे जवळजवळ आलेले होते. त्याच्या खोऱ्यातला म्हातारा राजा दर अमावास्येला एक गाव विसरतो आणि ते गाव नाहीसे होते. नायक बलवान होत जातात, त्यांना ओळखणारी माणसे कमी होत जातात. कोकणातला चकवाही त्याने धुक्याच्या जागी चांगला वापरला होता. पुढे एक पान होते. नाहीशी झालेली माणसे रात्री दाराशी येऊन हाक मारतात; ओ देऊ नये. पहिली हाक आईची. हे पान वहीतले सर्वांत चांगले, आणि त्यानेच त्यावर आडवी रेघ मारलेली होती. खेळणाऱ्या चौघांपैकी एकाची आई २०२१ च्या एप्रिलमध्ये इस्पितळात गेली. तिला शेवटचे पाहताही आले नव्हते.

मी फोनवर त्याच्याशी वाद घातला. करुण आणि भयानक यांचा आस्वाद ज्याने काही गमावले आहे तोच अधिक घेतो, असे माझे म्हणणे. तो म्हणाला, “पुस्तक मिटता येतं गं मावशी. इथे सगळे बघत असतात, उठायचं कसं?”

या उत्तराने मला अभिनवगुप्तांकडे नेले. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातले पळणारे हरिण घेऊन ते सांगतात, की तेथे प्रतीत होणारे भय ना हरणाचे असते, ना प्रेक्षकाचे, ‘मी भ्यालो’, ‘तो भ्याला’ या बंधनातून ते सुटलेले असते, म्हणून रस होते. रसाची सात विघ्ने सांगताना स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे त्यांनी त्यांतले एक गणले आहे. नाट्यगृहात हरिण रंगमंचावर असते आणि सहृदय समोर बसलेला असतो. या टेबलाशी दोघे एकाच खुर्चीत बसतात. अंतर इतके थोडे, की विघ्न आधी दूर करणे हे येथे सौजन्य नसून रचनेचाच भाग ठरते. मरणासारख्या घटना प्रत्यक्ष रंगमंचावर न दाखवता त्यांची सूचना द्यावी, असे भरतमुनींनी नाटकासाठी सांगितले, त्याची येथे सहज आठवण होते.

या मंडळींनी त्याची रीतही बसवली आहे. खेळ सुरू होण्याआधीची एक बैठक केवळ काय नको हे विचारण्यासाठी असते. टेबलाच्या मध्यावर फुली काढलेले एक पान ठेवतात. कोणी त्याला बोट लावले, की तो प्रसंग तेथेच सोडायचा, कारण विचारायचे नाही. भाच्याने निनावी चिठ्ठ्या मागवल्या. एकीवर लिहिले होते, की इस्पितळ आणि घरातले आजारपण नको, भुते कितीही चालतील.

आईची हाक त्याने काढली ती काढलीच. तिच्या जागी आता, राजाने विसरलेल्या गावचा टपालवाला रात्री दार ठोठावतो आणि खेळाडूच्या पात्राचे नाव चुकीचे उच्चारतो. मला हे अधिक भीतिदायक वाटले, आणि मी तसे कळवले. शेवटाची बारा पाने कोरीच आहेत. ती तशीच राहतील, असे तो म्हणतो. समासात मी सौप्तिकपर्वातले घुबड सुचवले होते. त्यावर त्याचा एका ओळीचा निरोप आला: “घुबड घेतलं. किती घावांत मरतं ते तेवढं सांग.”